दैवशालाबाई परत येतील याचा पुरावा

आमच्या तीर्थपुरीत दैवशालाबाईंना एखाद्या लग्नाच्या पंगतीला बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने मला येऊन सांगावं, मी त्याला चहा पाजीन. बाई लग्नाला येतात, आहेर करतात, अक्षता टाकतात आणि शेवटचं 'सावधान' कानावर पडतं ना पडतं तोच मांडवाबाहेर चपला शोधत असतात. कारण एकच. घरी भुरी नावाची म्हैस आहे आणि ती बाईंशिवाय कुणाला धार काढू देत नाही. मागे गल्लीतल्या बायका गाडी करून राजूरच्या गणपतीला गेल्या होत्या. रांग मोठी आहे असं दिसताच बाईंनी बाहेरूनच हात जोडले आणि मिळेल त्या जीपने संध्याकाळच्या धारेला घर गाठलं. नवरा पुंजाराम जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ही बाई सलग दोन रात्री घराबाहेर राहिलेली नाही.

अशा बाईंना कॅनडाच्या व्हिसा कचेरीने लेखी कळवलं, की मुदत संपल्यावर तुम्ही आपल्या देशात परत जाल अशी आमची खात्री पटत नाही, सबब तुमचा अर्ज नामंजूर.

चूक माझी होती. आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितली तरी बाई सांगणारच आहेत.

मी रामप्रसाद, त्यांचा शेजारी. गावच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. आमचं घराला घर लागून आहे आणि शेताला शेत लागून. घरी सगळं गोडीगुलाबीचं. विरजण, कढीपत्ता, वर्तमानपत्र भिंतीवरून इकडून तिकडे जात असतं. शेतात मात्र आमचा बांधाचा वाद आहे. तो सुरू झाला पुंजारामच्या हयातीत. पुंजाराम माझा वर्गमित्र. तो गेला आणि वाद बाईंकडे वारसाने आला. त्यांचं म्हणणं, मी दरवर्षी नांगरताना बोट-बोट करत बांध हातभर त्यांच्या शेतात सरकवलाय. माझं म्हणणं, वादच नाही, कारण बांध माझा आहे. शेतातून परतताना मारुतीच्या पारापर्यंत आलो की भांडण थांबतं, आणि "चहा घेऊन जा, गुर्जी" सुरू होतं.

तर मागच्या दसऱ्याला त्यांच्या शालूचा कॅनडाहून फोन आला. शालू ही एकुलती एक लेक. ती आणि जावई कल्याण दोघंही तिकडे नोकरीला. दिवस गेले होते आणि डॉक्टरने मार्चच्या मध्याची तारीख दिली होती. पहिलं बाळंतपण आईने करायचं ही आमच्याकडची रीत. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने उठून लेकीकडे जायचं, फरक तो एवढाच.

"जाते मी," बाई म्हणाल्या.

"आणि भुरी?" मी विचारलं.

"म्हशीपायी लेकीला एकटीला सोडू काय, गुर्जी? तिचं पहिलं हाये."

बाईंच्या तोंडून म्हशीबद्दल असं वाक्य मी प्रथमच ऐकलं. तेव्हा कळलं की मार्चच्या आत तिथे पोचणं ही त्यांच्या दृष्टीने केवढी गोष्ट आहे.

शालू म्हणाली, काका, अर्ज मीच इथून भरते. मी फोन हातात घेतला आणि म्हणालो, "बाळा, मी असताना?" इथे मी माती खाल्ली.

बाई नुकत्याच शेतातून आल्या होत्या. डोक्यावर चाऱ्याचा भारा, हातात विळा. मी खुर्ची टाकून वही उघडली.

"वहिनी, धंदा काय लिहू?"

"धंदा कसला? काई करत न्हाई मी. घरीच असते."

मी लिहिलं, काही करत नाहीत.

"कशासाठी जायचंय?"

"बाळंतपण करायला. न्हाणं, शेक, तेल लावणं, डिंकाचे लाडू. सगळं मलाच करावं लागंल."

मी यातलं एकही काम सोडलं नाही. सगळी तपशिलाने इंग्रजीत घातली.

"किती दिवस?"

"लेक म्हणंल तवर."

'कन्येची इच्छा असेपर्यंत' हे मी इतक्या सुंदर इंग्रजीत उतरवलं की माझं मलाच दोनदा वाचावंसं वाटलं.

"तिकडे नातेवाईक?"

"सगळेच तिकडं."

"आणि इकडे?"

"इकडं आता कोन हाये?"

मी लिहिलं, कोणी नाही. सायबर कॅफेत बसून हे सगळं स्वतः पाठवलं. बाई पुण्याला जाऊन बोटांचे ठसेही देऊन आल्या. खुरपं धरून धरून बोटांच्या रेघा झिजलेल्या, त्यामुळे मशीन चार वेळा नाही म्हणालं, पाचव्या वेळी मानलं. त्या फेरीत भुरीची एक धार चुकली, तिचं दुःख गल्लीने आठ दिवस ऐकलं. आणि दिवाळी झाल्यावर ते नकाराचं पत्र आलं.

मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा बाई चुलीजवळ बसल्या होत्या. दोन क्षण त्यांना समजेना.

"मी परत येनार न्हाई, असं म्हणलाय त्यो?"

"खात्री नाही म्हणतोय."

"मी? अन् परत येनार न्हाई? त्याला फोन लावा, गुर्जी. आत्ताच्या आत्ता लावा."

त्याला फोन लावता येत नाही हे पटवण्यात संध्याकाळ गेली. शालूने माझ्या अर्जाची प्रत वाचली. फोनवर "काका" एवढंच म्हणाली. एकतीस वर्षांत मला कुणी नापास केलं नव्हतं. आमच्या सौभाग्यवती पुष्पाबाईंनी तर मला त्या रात्री वाढताना भाजीसुद्धा मोजून वाढली.

आता जाणकार माणूस गाठणं आलं. कुणीतरी सांगितलं, जालन्याला काकासाहेब म्हणून आहेत, बियाण्याच्या दुकानावरच्या मजल्यावर बसतात, परदेशाची कामं बराबर करून देतात. अंबडमार्गे एसटीने आम्ही गेलो. भिंतीवर विमानाचं चित्र, टेबलावर पाच-सहा देशांचे छोटे झेंडे आणि मधोमध काकासाहेब. त्यांनी पत्र वाचलंही नाही.

"बिलकुल टेन्शन घेऊ नका. जमीन किती?"

"चार एकर."

"वीस दाखवू. कागद आपण करून घेऊ. अन् गावात एक मुलगा दाखवू. मुलगा असला ना मावशी, की आई परत येते, असं तिकडच्या लोकांला वाटतं."

बाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. हे लक्षण मी ओळखतो, बांधावर भांडण सुरू होण्याआधी त्या विळा असाच खाली ठेवतात.

"वीस एकर दाखवता. मंग परत आल्यावर वरची सोळा एकर पेरायला तुमी येनार काय? अन् त्या पोराचं लगीन कोन करनार? शेतकऱ्याच्या खऱ्या पोराला पोरगी भेटंना, मी ह्या खोट्याला कुठून आनू?"

जिन्यावरून उतरताना त्या माझ्यावर उखडल्या. म्हणाल्या, तुमी खरं लिहून बिघडवलं अन् ह्यो खोटं लिहून बिघडवाया निघाला, मदी शहाणं कोणी हाये का न्हाई? प्रश्न रास्त होता. मला आमच्या शाळेतले तातेराव सर आठवले. त्यांची नात पायल अंबडला वकिली करते. तातेरावांना फोन करून जय भीम घातला आणि परतीच्या वाटेवर अंबडलाच उतरलो.

कोर्टासमोरच्या एका खोलीत पायल बसते. माझा अर्ज ती वाचू लागली तशी तिने आधी ओठ दाबले, मग रुमाल तोंडाला लावला, आणि मग सरळ हसली.

"सर, इंग्रजी फार सुंदर आहे."

"पण?"

"पण यातून असं दिसतं की एक बाई आहे, तिला इथे काम नाही, इथे तिचं कोणी नाही, ती तिकडे आया म्हणून काम करायला निघालीय आणि लेक सांगेपर्यंत परत येणार नाही. मी त्या अधिकाऱ्याच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं." मग बाईंचा हात हातात घेऊन तिने बोटं पाहिली. "ज्या बाईच्या बोटाला रेघ उरली नाही, तिच्या धंद्यापुढे 'काही नाही' लिहिलंत, सर? ह्या शेतकरी आहेत."

"मीच तसं सांगितलं ना," बाई म्हणाल्या. एकदाच माझी बाजू घेतली त्यांनी, ती ही.

पायलने स्वच्छ सांगितलं, की मी कॅनडाची वकील नाही, तिकडच्या कायद्यावर सल्ला द्यायला तिकडचाच परवाना लागतो. शालूने तिथला परवानाधारक वकील गाठावा आणि नवा अर्ज त्याच्याकडून तपासून घ्यावा. इथले कागद मी करते, सातबारा, घराचा उतारा, डेअरीचं सभासद कार्ड, परतीची पक्की तारीख. आणि एकही कागद खोटा चालणार नाही. सापडला तर वर्षानुवर्षं दार बंद. काकासाहेबांचं नाव ऐकून तिने फक्त कपाळाला हात लावला.

"आता काकू, तुमच्या तोंडून सांगा. परत कशासाठी येणार?"

मला वाटलं बाई आता भुरीची पोथी उघडतील. पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"खरं सांगू काय, पोरी? लेक तिकडं, जावाई तिकडं. लेकरूबी तिकडंच व्हनार. इथं माझी वाट बघनारं कोन हाये? एक म्हैस."

मला फार वाईट वाटलं. भिंतीपलीकडे राहून अकरा वर्षांत मी ह्या बाईला असं कधी विचारलं नव्हतं. त्या अधिकाऱ्याने जो प्रश्न विचारला होता तो वेडगळ नव्हता, आणि बाईंनाही तो आत कुठेतरी पडलेला होता. पायलनेही पेन खाली ठेवलं.

मग बाईंची नजर माझ्यावर आली आणि चेहरा बदलला.

"अन् हे हाईत ना!"

"सर?"

"ह्यांच्यासंगं बांधाचं भांडन हाये माझं. ते अर्धं टाकून मी तिकडं राहीन व्हय? मी तिकडं बसले की हे इकडं नांगर घालून आख्खा बांध खातेन."

"वाद नाहीच मुळी," मी म्हणालो, "बांध माझा आहे."

"तुमचा? मंग हे काय हाये?" बाईंनी पिशवीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला. घनसावंगीच्या भूमी अभिलेख कचेरीतली मोजणीच्या अर्जाची पावती, दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली. मोजणीला दिलेली तारीख वीस मे. बाईंनी माझ्याविरुद्ध सरकारी मोजणी टाकली होती, आणि त्याच आठवड्यात माझ्याकडून व्हिसाचा अर्ज लिहून घेतला होता!

"मला न सांगता?"

"सांगून करतेत काय मोजनी?"

"मी तुमच्यासाठी सायबरमध्ये तीन-तीन तास बसून राह्यलो," माझी भाषाही घसरली, "अन् तुम्ही माझ्या पाठीमागं घनसावंगीला गेल्ता?"

"गेल्ते! बराबर गेल्ते! आमच्या मालकानं जाताना सांगितलं व्हतं, बांध सोडू नको."

पुढची दहा मिनिटं आम्ही वकिलाच्या खोलीत आहोत हे दोघंही विसरलो. पारापलीकडचं भांडण पहिल्यांदाच पाराअलीकडे आलं होतं. दारात दोन-तीन पक्षकार जमले. मी दम खायला थांबलो तेव्हा पायल भराभर लिहीत होती.

"थांबू नका," ती म्हणाली. "यापेक्षा भक्कम कारण मी आजवर पाहिलं नाही. चार एकर जमीन, तिच्या हद्दीचा वाद, मोजणीची सरकारी तारीख. काकू पंधरा मेला परत येतात आणि वीसला मोजणीला हजर राहतात. फक्त सर, तुम्हाला शपथपत्र द्यावं लागेल."

"कसलं?"

"की वाद आहे."

चौदा वर्षं मी पारावर, शाळेत, सोयऱ्यांत, सगळीकडे एकच सांगत आलो होतो की वाद नाही. स्टॅम्प पेपरवर 'वाद आहे' लिहून देणं म्हणजे अर्धा बांध हातातून जाणं. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीवरच्या कॅलेंडरचा मार्च महिना कुठे येतो ते शोधत होत्या. मी सही केली. निघताना बाईंनी त्या शपथपत्राची एक झेरॉक्स मागून घेतली आणि मोजणीच्या पावतीसोबत त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात व्हिसा आला. बाईंनी देवापुढे साखर ठेवली, डिंकाचे लाडू बांधायला घेतले आणि भिंतीवरून मला हाक मारली.

"गुर्जी, फारम तुमी बिघडवला व्हता. भुरी तुमीच पिळायची."

पुष्पाबाईंचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे सुटकेची तीही वाट नव्हती. बाई गेल्या त्या संध्याकाळी भुरीने मला बादलीसकट उडवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पुष्पाबाईंनी बाईंचं रोजचं हिरवं लुगडं आणून माझ्या अंगावर टाकलं. "नेसा. जनावर वासावर असतंय." इंग्रजीचा निवृत्त शिक्षक डोक्यावरून पदर घेऊन गोठ्यात बसला आणि भुरीने पान्हा सोडला. डेअरीवर दूध घालायला गेलो तर माझे जुने विद्यार्थी "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाले. मी त्यांची नावं लिहून ठेवली आहेत.

मार्चच्या सोळा तारखेला शालूला मुलगी झाली. बाई तिथे होत्या. रोज व्हिडिओ कॉल यायचा. आधी नात दाखवायच्या, मग म्हणायच्या, "भुरीला दाखवा," आणि मग, "आता बांध दाखवा. पूर्ण दाखवा, टोकापस्तोर." मी फोन घेऊन उन्हात बांधावरून चालत जायचो.

मे लागला आणि कॉल कमी झाले. एक दिवस शालूच बोलली. "काका, आई सहा महिने राहू शकते, वकिलाने सांगितलंय. मोजणीची तारीख पुढे ढकलता येत असेल ना? ती इथे किती छान रमलीय. तिकडे एकटी येऊन काय करणार ती?"

मी म्हणालो, "विचार करून सांगतो." खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं. बाई आल्या नाहीत तर मोजणी अर्जदाराविना रद्द आणि बांध माझा. चौदा वर्षांनी मी जिंकत होतो. मी गोठ्यात गेलो, लुगडं नेसलो आणि धार काढता काढता माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते मी पदरानेच पुसलं. शालूला मी काहीच कळवलं नाही. राहा असं माझ्याने म्हणवेना, आणि या म्हणायचा मला काय अधिकार?

पंधरा मेला दुपारी दारात जीप थांबली. बाई उतरल्या. पायात पांढरे बूट, आणि बेचाळीस डिग्रीच्या उन्हात अंगात निळं जाड जाकीट. पिशवी न ठेवता सरळ गोठ्यात गेल्या. भुरीने त्यांना हुंगलं, मग मला हुंगलं आणि तोंड चाऱ्यात घातलं.

"आलात?" मी म्हणालो.

"तिकडं सगळं हाये, गुर्जी. गरम पानी हाये, लेक हाये, नातीला तर सोडवत नव्हतं, विमानतळावर लई रडले मी. पर दोन महिने सगळे एकच म्हनत्येत, आई, तू म्हनशील तसं. कोनी भांडतच न्हाई. मला ताप आल्यासारखं झालं." मग त्यांनी माझ्या खांद्यावरच्या हिरव्या लुगड्याकडे पाहिलं. "माझं लुगडं उसवलंय तुमी."

वीस मेला मोजणीवाले साहेब यंत्र घेऊन बांधावर आले. बाई प्लास्टिकची पिशवी घेऊन हजर. मीही आमचे जुने नकाशे घेऊन हजर. साहेबांनी तिपाई रोवली, घाम पुसला आणि बाईंना धीर द्यावा म्हणून म्हणाले, "काळजी करू नका काकू. एकदा हद्दीच्या खुणा रोवल्या की वाद कायमचा मिटला बघा."

"मिटला म्हंजी?"

"म्हणजे पुन्हा भांडायचं कामच नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बांधाकडे पाहिलं. त्यांनी कागदाची पिशवी हळूच दुमडून काखेत धरली.

"साहेब, राहू द्या. मला न्हाई मोजायचं."

"अहो, कामून? मी एवढ्या उन्हात आलो!"

"शालूला दुसरं लेकरू व्हईल ना कधी तरी. तवा त्या कॅनडावाल्याला मी काय दाखवू?"

साहेबांनी मला विचारलं, समोरच्या पार्टीची काही हरकत? बांधाच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या बाजूने बोललो. "हरकत नाही," म्हणालो. साहेबांनी आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या, तिपाई आवरली आणि गाडीत बसेपर्यंत ते मान हलवत होते. संध्याकाळी मी पायलला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली, मग म्हणाली, "सर, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं मी समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टर घेऊन शेतात गेलो, तर बाई माझ्या आधी बांधावर उभ्या. पायात तेच पांढरे बूट.

"गुर्जी, नांगर जरा तिकडून. हातभर आधीच खाल्लाय."

"बांध माझा आहे."

"मोजा की मंग!"

"मोजणी तुम्हीच रद्द केली!"

"अन् तुमी सही कामून केली?"

उन्हं वर येईपर्यंत आम्ही भांडलो. फेब्रुवारीपासून मी तिथे एकटाच उभा राहत होतो.